पलीकडचा वर्ग

"ताई, घरच्या बायकांची मीटिंग त्या बाजूला. चौथी ब."

शाळेच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेल्या काकांनी मला काही विचारलंच नाही. डोक्याला लोकरीची टोपी, हातात चहाचा कागदी कप. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मंगळसूत्राकडे, इस्त्रीच्या कुर्त्याकडे, आणि कप धरलेल्याच हाताने मैदानापलीकडे दाखवलं. "पिणाऱ्यांची इकडे, सातवी अ. तुमची तिकडे. जा, अजून सुरू व्हायचीय. चहा घेणार?"

कराडहून साताऱ्यापर्यंत एसटीत मी एकच वाक्य घोकत आले होते. माझं नाव ऋतुजा आणि मी दारू पिते. उंब्रजला ते वाक्य खरं वाटलं, नागठाण्याला खोटं, आणि पोवई नाक्याला उतरले तेव्हा पुन्हा खरं. आता ते जिभेवर होतं. काकांनी फक्त एवढं विचारायचं होतं की, बाई, तुम्ही कोणासाठी आलात?

"चहा नको काका," मी म्हणाले आणि चौथी ब कडे चालायला लागले.

खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं.

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली होती. चौथी ब च्या भिंतीवर पाढे होते, फळ्यावर सुविचाराची जागा रिकामी होती आणि लहान मुलांच्या बाकांवर सात-आठ बायका गुडघे वर करून बसल्या होत्या. दारालगतच्या बाकावर एक वाळकी, सत्तरीच्या आसपासची बाई होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या शालनताई. तीस वर्षं याच शाळेत शिपाई होत्या. निवृत्त झाल्या तरी शनिवारची किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती.

"ये गं, बस," समोरून एक भरदार आवाज आला. या उज्ज्वलावहिनी, कॉलेजजवळ मुलांची मेस चालवायच्या आणि मीटिंगही त्याच चालवायच्या. "इथं आडनाव नाही, गाव नाही, नुसतं नाव. रडू आलं तर पदराला पुसायचं. रुमालांचा भरवसा नाही, कोणीतरी घेऊन जातं."

बायका हसल्या. मग एकेकीने सांगायला सुरुवात केली. उज्ज्वलावहिनी म्हणाल्या, "आमचे हे काल चक्क सातला घरी. मी म्हटलं, देव पावला. आत जाऊन कॅलेंडर बघितलं, तर ड्राय डे!" पुन्हा हशा. दुसऱ्या एकीचा नवरा आठ दिवस घरी नव्हता आणि ती म्हणाली, आठ दिवस मी पोटभर झोपले, आता त्याचीच शरम वाटते. तेव्हा कोणी हसलं नाही.

माझी पाळी आली. "नसेल बोलायचं तर पुढे जाऊ," वहिनी म्हणाल्या.

"माझा नवरा," मी म्हणाले, "बाळाच्या ब्रँडीतली पितो."

बायकांनी अगंबाई केलं. शालनताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

ती बाटली खरी होती. जुई ऐन जानेवारीत जन्मली. पंधरा दिवसांची असताना तिला सर्दी झाली तेव्हा माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणायचे, ब्रँडीची पाव बाटली घेऊन आल्या. छातीला चोळायची, फारच झालं तर थेंबभर चाटवायची. त्यांच्या सासूने केलं, त्यांनी केलं. स्वयंपाकघरातल्या कपाटात ओव्याच्या डब्यामागे ती उभी असायची. घरात तिला 'जुईची बाटली' म्हणायचे.

मी एम. एस्सी. झालेली मुलगी. आधी मी त्यावरून आत्यांशी वाद घातला होता. पण पहिले पाच महिने मी झोपलेच नाही. जुई रडली की वाटायचं, हिला काहीतरी झालंय. गप्प असली की वाटायचं, संपलंच. मी दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरायचे. बोटावर भरवसा राहिला नाही, मग पावडरच्या डब्याचा आरसा धरायला लागले. सुहासला सांगितलं तर तो म्हणाला, "सगळ्या आयांना होतं गं." सुहास माझा नवरा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस.

जूनच्या एका दुपारी जुईच्या छातीला लावून बाटली ठेवताना मी एक चमचा घेतला. दोन तास झोपले. उठले तेव्हा जुई शेजारी हातपाय नाचवत होती, जिवंत. मला वाटलं, एवढं सोपं होतं?

पुढची गोष्ट सगळ्यांची सारखीच असते. चमच्याची वाटी झाली. मग मलकापूरच्या दुकानात तोंडाला स्कार्फ बांधून जायचं, "भावाला हवीय" म्हणायचं. दुकानदाराने कधीही भावाचं नाव विचारलं नाही. घरातल्या बाटलीत मी पाणी घालायचे, आत्या दर महिन्याला नवीन बाटली आणायच्या. कोणी कोणाला काही बोललं नाही.

साताऱ्याला दर शनिवारी स्पर्धा परीक्षेचा क्लास असतो, असं मी घरी सांगितलं होतं. आत्या खूश होत्या. "शीक बाई, जुईला मी बघते."

चार महिने मी चौथी ब मध्ये बसले. तिथे मला छान बोलता यायला लागलं. मी जे करायचे ते तिथे सुहास करायचा. सुहासने गादीखाली लपवली, सुहास बाथरूममध्ये पडला, सुहासने शेजारणीच्या बारशात वेड्यासारखी बडबड केली. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. उज्ज्वलावहिनी मला डब्यात पुरणपोळी द्यायच्या, "त्या मेल्याला देऊ नको हं, तूच खा." सुहास बिचारा घरी त्याच पोळीचा घास मोडून म्हणायचा, "क्लासमधल्या मैत्रिणी भारी आहेत तुझ्या."

मला तिथे बरं वाटायचं. कोणीतरी माझी कीव करायचं, आणि मी पकडलीही जात नव्हते. एसटीत बसले की मी स्टीलची पाण्याची बाटली उघडायचे. तिच्यात पाणी नसायचं.

शालनताई फारशा बोलायच्या नाहीत. चहा वाटायच्या, शेवटी बाक सरळ करायच्या. पण सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी बोलून झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे कप धरला आणि सोडलाच नाही.

"तुझा नवरा कारखान्यात असतो म्हणालीस न्हवं?"

"हो."

"मग दुपारी चार वाजता त्याच्या हाताला कसं होतं, पोटात कसं ओढतं, हे तुला कसं ठावं?"

"तो सांगतो."

"सांगतो व्हय," त्या म्हणाल्या आणि कप सोडून पुढच्या बाईकडे गेल्या.

त्या दिवशी परत येताना मी ठरवलं, आता जायचं नाही. पुढच्या शनिवारी गेलेच.

नोव्हेंबरातला तो शनिवार. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, सुहास सकाळी सहालाच गेला होता. आत्या बहिणीच्या दिराच्या दहाव्याला रहिमतपूरला गेल्या होत्या. जुई पावणेतीन वर्षांची. दोन दिवस सर्दीने चोंदलेली, किरकिर करणारी, सकाळपासून बिस्किटाच्या तुकड्यापलीकडे काही न खाल्लेली. कोणतीही शहाणी आई घरी राहिली असती.

मी तिला स्वेटर घातला, कानटोपी घातली, दूध गरम केलं आणि त्यात जुईच्या बाटलीतला एक चमचा घातला. आत्या घालायच्याच. प्रवासात झोपेल. उरलेल्या दुधाची बाटली पिशवीत टाकली आणि दोनची गाडी धरली.

"अगंबाई, ही का जुई!" चौथी ब त गेल्या गेल्या बायकांनी आम्हाला घेरलं. जुई माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. "किती गुणाची आहे. आमचं कार्टं एसटीत ड्रायव्हरच्या मांडीवर जाऊन बसायचं." दोन बाक जोडून त्यावर तिला आडवं केलं. मी ओढणी पांघरली. नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. मी निवांत झाले. कधी नाही ती निवांत झाले.

मीटिंग सुरू झाली. माझी पाळी आली तेव्हा डोक्यात मऊ धुकं होतं आणि तोंडातून शब्द सरळ येत होते, याचा मला अभिमानही वाटत होता.

"आज त्याने कमाल केली," मी म्हणाले. "पोरीच्या दुधात घातली. झोपावी म्हणून."

का बोलले, मला आजही सांगता येत नाही.

कुठेतरी कप ठेवल्याचा आवाज आला. शालनताई दारापासून उठल्या आणि सरळ जुईकडे गेल्या. वाकल्या. तिच्या तोंडाला नाक लावलं. मग तिचा मोजा ओढून काढला आणि तळपायावर बोटाच्या पेराने टकटक केली.

"जुई. ए बाळा. जुई."

जुईने पाय मागे घेतला नाही.

"अंग गार पडलंय," शालनताई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "रिक्षा बोलवा कुणीतरी. पळा."

मुलांचं हॉस्पिटल दोन चौक पुढे होतं. रिक्षात जुई शालनताईंच्या मांडीवर होती. मी घ्यायला हात पुढे केले तर त्यांनी माझ्याकडे न बघताच माझे हात बाजूला केले.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी जुईच्या बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाल्या, "शुगर अडतीस. ग्लुकोज घ्या. लवकर." जुईच्या हातावर शीर सापडेना. दोनदा टोचलं तरी ती रडली नाही. जिच्या रडण्याला घाबरून मी पाच महिने झोपले नव्हते, ती रडावी म्हणून मी आता भिंतीला टेकून वाट बघत होते.

"काय दिलंय हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"बापानं दारू पाजलीय!" उज्ज्वलावहिनी मागच्या रिक्षाने येऊन पोहोचल्या होत्या. "दुधातून पाजलीय नालायकानं. लिहून घ्या तुम्ही. आपण सोडायचं नाही त्याला, पोलिसांत द्यायचं."

"किती पाजली? किती वेळापूर्वी?" डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. पडद्यावर सुहास. मी तो कट करायला गेले. वहिनींनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"लाज नाही वाटत?" त्या कडाडल्या. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. "पोटच्या पोरीला दारू पाजतोस? बायकोला छळून पोट भरलं नाही का तुझं? पोर हॉस्पिटलात पडलीय, शुद्ध नाही तिला! ये इकडे, ये, तुला बघतेच मी!"

फोन कानापासून लांब धरला होता, म्हणून मला त्याचा आवाज ऐकू आला. सुहासने एकही शिवी परत दिली नाही. तुम्ही कोण, असंही विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला,

"जुई कुठंय?"

मग पुन्हा, "जुई कुठंय, सांगा ना. मी येतो. कुठंय ती?"

"वहिनी," मी म्हणाले.

"थांब गं, तू मध्ये पडू नकोस. तुझ्यासारख्या गरीब बायकांमुळेच..."

"वहिनी, मी दिली."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी डॉक्टरांकडे वळले.

"मी दिली. तो पीत नाही. मी पिते."

एसटीतून चार महिने आणलेलं वाक्य एवढंसंच होतं. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं नाही की डोळे मोठे केले नाहीत. त्यांना त्याच्याशी देणंघेणंच नव्हतं. त्यांनी परत तेच विचारलं. "किती?"

"घरी एक चमचा. दीड वाजता."

"आणि?"

"उंब्रजला उठली. रडायला लागली. तेव्हा बाटलीत थोडी... माझ्या बाटलीतली."

"थोडी म्हणजे?"

"नागठाण्यालाही दिली. वाटतं. दिली असेल." मी आठवायचा प्रयत्न करत होते. एसटीची खिडकी आठवत होती, पुढच्या सीटवरच्या बाईचा अबोलीचा गजरा आठवत होता. "मला आठवत नाही."

डॉक्टर आत गेल्या. मी बाहेरच्या खुर्चीवर बसले. उज्ज्वलावहिनींनी फोनवर हॉस्पिटलचं नाव सांगितलं, तो बंद केला, माझ्या मांडीवर अलगद ठेवला आणि माझ्यापासून एक खुर्ची पलीकडे सरकून बसल्या. थोड्या वेळाने त्या उठून गेल्या. जाताना मला नाही, शालनताईंना म्हणाल्या, "मेसवर पोरं जेवायची आहेत."

साडेपाचच्या सुमारास आतून जुईचा आवाज आला. बारीक, कुरकुरता, चिडका. नर्स दार उघडून म्हणाली, "शुगर वर यायला लागली. आजी, तुम्ही या आत." मला नाही बोलावलं. शालनताई जाऊन आल्या. "पाणी मागितलं तिनं," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी, वहिनींनी मधे रिकामी सोडलेल्या खुर्चीवर बसल्या.

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"कधी?"

"दुसऱ्या खेपेला. नवरा पितो त्या बाईला वास ठावं असतो. पावलं ठावं असत्यात, दारावरची थाप ठावं असती. तुला तहान ठावं होती." त्यांनी पदराने गुडघा झाकला. "ती आमच्यात कुणाला ठावं न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

त्या किल्ल्यांशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी वनिता. वाईला दिलेली. नर्स होती, चांगली नोकरी. तिला मीच हाताला धरून आणलं होतं साळंत. मोहितेकाका बसले होते आजच्यासारखेच फाटकावर. त्यांनी बोट दाखवलं, चौथी ब. मला वाटलं, बरंच झालं की. तिकडं सगळे बापये. माझी पोर कुठं त्यांच्यात बसणार? बायकांच्यात तासभर बसली. भाईर आली आन हसली. म्हणाली, आई, इथं बसायचं तर मला आधी नवऱ्याला पाजायला लागंल."

"मग?"

"परत आली न्हाई. सहा वर्सं झाली. दिवाळीच्या तोंडाला गेली. कावीळ म्हणून सांगितलं सगळ्यांस्नी." त्यांनी जुडगा कमरेला परत खोचला. "चौथी ब त पण तेच सांगितलंय. जावई पितो म्हणून येते, असं वाटतं त्यांना. बिचारा जावई."

आतून जुईच्या खोकल्याचा आवाज आला. दोघीही वळलो. 

"तू आलीस तवा म्हटलं, हिला बोलले तर ही पण जाईल. येतीया तोवर येऊ दे. एक दिवस आपणच बोलंल." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुझ्या पोरीचा इचारच केला न्हाई गं मी. माझ्या पोरीचाच करत बसले."

सुहास सव्वासहाला आला. कारखान्याच्या निळ्या कोटात, मोटारसायकलवर, हेल्मेट हातात तसंच. माझ्यासमोरून सरळ आत गेला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. त्याने जुईची बोटं मुठीत घेतली होती आणि तो नर्सशी बोलत होता. बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि समोरच्या भिंतीशी उभा राहिला.

"उद्या सोडतील म्हणतात."

मी मान हलवली.

"त्या बाई फोनवर जे बोलत होत्या, ते तू किती दिवस सांगत होतीस?"

"चार महिने."

"मी मारतो पण, त्यात?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. "एकदा," मी म्हणाले.

त्याने हळूच मान हलवली, जशी कोणी पत्ता सांगितल्यावर आपण हलवतो. मग म्हणाला, "आई दर महिन्याला बाटली आणायची. मी बघायचो. मी विचारलं नाही कधी. वाटायचं, विचारलं की खरं होईल." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "जुईला मी घरी नेतो. तू आत्ता येऊ नकोस, ऋतु."

आत्ता म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

शालनताईंनी मला त्यांच्या खोलीवर नेलं. आठवडाभर मी तिथे होते. घाम यायचा, हात थरथरायचे, डॉक्टरांच्या गोळ्या त्या वेळेवर द्यायच्या आणि दिवसभर तिथेच बसायच्या. वनिताचा फोटो भिंतीवर होता, पांढऱ्या गणवेशात. त्याखाली त्या रोज एक मोगऱ्याची कळी ठेवायच्या. नोव्हेंबरात मोगरा कुठून आणायच्या, कोणास ठाऊक.

शनिवार आला. आम्ही दोघी शाळेच्या फाटकाशी पोहोचलो. मोहितेकाका खुर्चीवरून उठले.

"या, या. पोरगी बरी आहे ना? जा, चौथी ब उघडायची खोळंबलीय."

शालनताईंनी कमरेचा जुडगा काढून त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच उघडा आज." मग माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "हिला तिकडं जायचं न्हाई. सातवी अ त जायचंय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मंगळसूत्राकडे नाही, तोंडाकडे. त्यांच्या हातातला चहा हिंदकळून बोटांवर सांडला, तो त्यांनी पुसलाही नाही. "ताई," ते शालनताईंना म्हणाले, "म्हणजे तुमची वनिता पण..."

"व्हय," शालनताई म्हणाल्या आणि मला घेऊन मैदान ओलांडायला लागल्या.

सातवी अ त पंधरा-सोळा पुरुष होते. आम्ही दारात आलो तशी कुजबुज थांबली. काहींनी पाय आत घेतले, एकाने शर्टाचं वरचं बटण लावलं. कोपऱ्यातला एक म्हातारा उठला आणि त्याने आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. शालनताई आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात, दाराला पाठ लावून, जमिनीवर बसल्या. मी बोलत होते तेवढा वेळ मला त्यांचा पांढरा अंबाडा दिसत होता. तो एकदाही वळला नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मधे मी दोनदा घसरले, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजलं. आता साताऱ्यात राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शनिवारी फाटकापाशी मोहितेकाकांच्या शेजारी दुसरी खुर्ची असते. बाई आली की कोणी बोट दाखवायचं नाही, असं आमचं ठरलंय. मी उठते आणि विचारते, तुम्ही कोणासाठी आलात? उत्तर येईपर्यंत थांबते. बऱ्याच जणी चौथी ब तच जातात. तीन जणी गेल्या नाहीत. शालनताईंनी जाण्याआधी त्यांतली एकच पाहिली.

जुई कराडलाच असते. एक रविवार आड सुहास तिला घेऊन येतो. तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो, आत येत नाही, घाईही करत नाही. आम्ही दोघी पत्ते खेळतो, वेण्या घालतो, ती मला शाळेतल्या भांडणांची पूर्ण हकिकत सांगते. त्या दिवसातलं तिला काहीही आठवणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणि ते खरं असावं.

चार वाजता मी तिला दूध देते. ती कप लगेच तोंडाला लावत नाही. दोन्ही हातांनी धरते, नाक आत घालते आणि नीट हुंगते. हे तिला कोणी शिकवलं, आत्यांनी की सुहासने, मी विचारलं नाही. चिडून करत नाही, घाबरूनही नाही. जेवायच्या आधी हात धुवावेत तसं करते. मग मान वर करून म्हणते, "हं."

तोवर मी कप खालून धरून उभी असते.